हनुवटीवर टेकलेले बोट

वणीच्या सप्तशृंगी देवीची मान एका बाजूला किंचित कललेली आहे. समोरच्या डोंगरावर बसून मार्कंडेय ऋषी पुराण सांगत आणि देवी ते कान देऊन ऐकत असे, म्हणून मान तशी, हे नाशिक जिल्ह्यात पोरासोरांनाही ठाऊक असते. माणसाची मान अशी आपोआप वळायला लागली, तर तिचा इतक्या आदराने अर्थ लावणारे कोणी भेटत नाही. पहिले काही दिवस उशीला दोष दिला जातो. मग तेल, शेक, गळ्यात पट्टा. महिने लोटले आणि मान ओढलेलीच राहिली, की घरातल्या घरात कुजबुज सुरू होते. कुणाची नजर लागली का, सुनेने काही मनाला लावून घेतले का, पोराला कामावर जायचे नाही म्हणून तर हे नाही ना? अशातच एक दिवस कुणाच्या तरी लक्षात येते, की हा माणूस हनुवटीला नुसते एक बोट लावतो आणि मान सरळ होते. बोट काढले की पुन्हा वळते. मग कुणाला शंका उरत नाही. बोटाने सरळ होते म्हणजे आजार कसला, सोंगच ते!

घरच्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही, कारण युरोपातल्या नामांकित डॉक्टरांनीही याच बोटावरून जवळपास असाच निकाल दिला होता आणि तो कित्येक दशके टिकला. तो फिरायला जिवंत मेंदूत डोकावणारी यंत्रे यावी लागली.

या आजाराला आज डिस्टोनिया म्हणतात. मेंदूच्या तळाशी असलेली बेसल गँग्लिया नावाची केंद्रे आणि त्यांच्याशी जोडलेले मेंदूचे इतर भाग यांच्यातला ताळमेळ बिघडतो. मान डावीकडे वळवायची असेल तर एका बाजूच्या स्नायूंनी आखडायचे आणि दुसऱ्या बाजूच्यांनी सैल पडायचे, ही रोजची शिस्त मोडते. नको ते स्नायू नको तेव्हा आखडतात, कधी दोन्ही बाजूंचे एकदम. मानेत झाला तर मान वळते, कलते, मागे ओढली जाते. पापण्यांत झाला तर डोळे घट्ट मिटतात. हातात झाला तर पेन धरताच बोटे वळतात, पण त्याच हाताने माणूस सुईत दोरा ओवू शकतो. दुखते, थकवा येतो, लोकांत जाणे नकोसे होते. बुद्धीला मात्र काहीही झालेले नसते.

आणि या आजाराच्या अनेक रुग्णांनी स्वतःच शोधून काढलेली एक युक्ती असते. कुणी हनुवटीला बोट लावतो, कुणी गालाला, कुणी डोक्याच्या मागे तळहात धरतो. कुणाला उंच पाठीच्या खुर्चीला डोके टेकले की बरे वाटते, कुणाला दातांत काडी धरली की. जोर लावायचा नसतो. ढकलून मान सरळ करायची म्हटली तर ती उलट अधिक ताठते. नुसत्या स्पर्शाला ती ऐकते. वळलेली मान जिकडे ओढली जाते त्याच बाजूच्या गालाला बोट लावूनही काम होते आणि विरुद्ध गालाला लावूनही. म्हणजे बोट मानेला टेकू देते हा हिशेबच चुकतो.

सन १८९३. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मज्जासंस्थेच्या आजारांचे दरबारी वैभव उभे करणारे शार्को ऑगस्ट महिन्यात अचानक वारले. त्यांच्या गादीवर काही काळापुरते एदुआर ब्रिसो बसले. ब्रिसो निरीक्षणाला पक्के होते. मान वळलेले रुग्ण त्यांनी व्याख्यानात आणून दाखवले आणि त्यात ही बोटाची गोष्ट त्यांनी पहिल्यांदा नीट नोंदवली. धडधाकट डॉक्टरने दोन्ही हातांनी ओढूनही जी मान हलत नाही, ती रुग्णाच्या स्वतःच्या एका बोटाला सहज वश होते. ब्रिसोंनी यातून जो निष्कर्ष काढला तो त्या काळच्या मानाने अगदी तर्कशुद्ध होता. हाड बिघडले असते, स्नायू बिघडला असता, नस बिघडली असती, तर बोटाने काय होणार होते? तेव्हा बिघाड मनात आहे. त्यांनी या आजाराला ‘मानसिक मानमोड’ अशा अर्थाचे फ्रेंच नाव दिले. मृत्यूनंतर मेंदू उघडून पाहिला तरी साध्या डोळ्याला आणि सूक्ष्मदर्शकाला काही दिसत नव्हते; त्यामुळे नाव खोडून काढायला पुरावाही नव्हता.

ब्रिसोंचे शिष्य आंरी मेज आणि त्यांचे सहकारी यूजेन फैंदेल यांनी १९०२ साली अशा अनावर हालचालींवर मोठा ग्रंथ लिहिला. प्रस्तावना गुरूंची. बोटाच्या युक्तीला ‘विरोधी हावभाव’ अशा अर्थाचे जे फ्रेंच नाव आजही जगभरचे न्यूरोलॉजिस्ट वापरतात, ते याच ग्रंथातले. मला या ग्रंथात सर्वात मोलाचे वाटते ते त्याचे सुरुवातीचे प्रकरण. ते डॉक्टरांचे नाही, एका रुग्णाचे कथन आहे. ‘ओ’ या एका अक्षरानेच तो ओळखला जातो. वय चोपन्न, सुशिक्षित, सुखवस्तू. मान आणि चेहरा स्वस्थ राहावा म्हणून आयुष्यभर केलेल्या खटपटी तो मोकळेपणाने सांगतो. त्यातली एक छडीची आहे. अंगातला कोट आणि वरचा ओव्हरकोट यांच्या मध्ये तो छडी उभी सरकवायचा, बटणे लावायचा आणि छडीची मूठ बरोबर हनुवटीखाली येईल अशी बसवायचा. मूठ टेकली की डोके थांबायचे. रस्त्यात चालणाऱ्या माणसाला एवढेच दिसले असते, की या गृहस्थाने छडी जरा विचित्र ठिकाणी धरली आहे.

इतके बारकाईने ऐकून घेतलेल्या माणसाबद्दल लेखकांनी शेवटी काय ठरवले? अशा रुग्णांचे मन पोरसवदा असते, इच्छाशक्ती दुबळी असते. उपाय काय, तर शिस्त. आरशासमोर बसायचे, डोके काही सेकंद निश्चल ठेवायचे, मग थोडे अधिक. पुढे सांगितल्याबरहुकूम सावकाश हालचाली करायच्या. काहींना त्याचा थोडाफार उपयोग झालाही असेल. पण ज्याला तो झाला नाही, त्याला आजाराखेरीज आणखी एक ओझे मिळाले, आपणच कमी पडलो याचे. छडीच्या मुठीत या माणसाला जे सापडले होते ते तपासायची साधने त्या काळी नव्हती, हे खरे. तरी त्याच्या शोधाची साक्ष त्याच्याच विरुद्ध वापरली गेली, हे वाचताना मन अस्वस्थ होते.

या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९०७ साली झाला. अनुवादक होते लंडनचे तरुण न्यूरोलॉजिस्ट किनिअर विल्सन. पुढे पाचच वर्षांनी, १९१२ साली, याच विल्सन यांनी यकृत आणि बेसल गँग्लिया एकाच वेळी बिघडवणाऱ्या आजाराचे वर्णन केले. आजही तो विल्सनचा आजार म्हणून ओळखला जातो. हातपाय वाकडे करणाऱ्या, थरथरवणाऱ्या हालचालींचे मूळ मेंदूच्या एका ठरावीक जागी असू शकते, हे त्यांनी दाखवले. दरम्यान १९११ साली बर्लिनच्या हेर्मान ओपेनहाइम यांनी शरीर पिळवटणारा आजार झालेल्या मुलांचे वर्णन करून ‘डिस्टोनिया’ हा शब्द प्रचारात आणला. सुरुवातीला त्यांनाही हिस्टेरियाची शंका आली होती, पण त्यांनी ती बाजूला सारली. १९१७ पासून युरोपात मेंदूज्वराची एक साथ पसरली. तिच्यातून वाचलेल्या अनेकांच्या माना, डोळे, जबडे वाकडे झाले; काही जण पुतळ्यासारखे थिजून गेले. साथीच्या रोगाने जे होते त्याला मनाचे खेळ कसे म्हणायचे?

तरीही म्हटले गेले. विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत मनोविश्लेषणाचा बोलबाला वाढला आणि वळलेल्या मानेचे अर्थ लावण्यात ते बरेच वापरले गेले. कशापासून तरी तोंड फिरवतो आहे, असे म्हणत वर्षानुवर्षे माणसांना कोचावर झोपवले गेले. बोटाची युक्ती ही तिथे नेहमीची साक्षीदार. शिवाय ताण आला की आजार वाढतो आणि झोपेत तो नाहीसा होतो, हे आणखी दोन पुरावे. वास्तविक कंपवातही (पार्किन्सन्स) ताणाने वाढतो आणि त्याचा कंपही झोपेत थांबतो, पण हा न्याय डिस्टोनियाला लावायला कुणी तयार नव्हते.

ही पकड ढिली केली लंडनच्या डेव्हिड मार्सडेन यांनी. १९७६ साली त्यांनी मुलांमधला सर्वांगाचा डिस्टोनिया, प्रौढांची वळलेली मान, मिटणाऱ्या पापण्या आणि लिहिताना वळणारा हात यांना एका माळेत ओवले. १९८२ साली आपले सहकारी शीही यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखात लेखनिकांच्या हाताचा आजार हाही डिस्टोनियाच असल्याची मांडणी त्यांनी केली. १९८९ साली अमेरिकेत पापण्यांच्या डिस्टोनियासाठी बोट्युलिनम विषाच्या इंजेक्शनला मान्यता मिळाली, २००० साली मानेसाठी. १९९७ साली लहानपणी सुरू होणाऱ्या एका प्रकारामागचे जनुकही सापडले. आजार खरा होता. प्रश्न उरला तो बोटाचाच. खऱ्या आजाराला नुसता स्पर्श कसा थोपवतो?

१९९५ साली अमेरिकेचे मार्क हॅलेट यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात प्रश्न टाकला, की डिस्टोनिया हा हालचालीचा आजार म्हणून आपण पाहतो आहोत, पण तो मुळात संवेदनेचा आजार तर नाही? म्हणजे मेंदू हुकूम चुकीचे देतो, कारण त्याला शरीराकडून येणाऱ्या बातम्याच तो नीट जुळवू शकत नाही. मान सरळ कुठे आणि वाकडी कुठे, याचा आतला नकाशाच सरकला आहे. हे खरे असेल, तर हनुवटीवरचे बोट म्हणजे त्या नकाशावर टाकलेली एक खात्रीची खूण. तपासायचे कसे? मेंदूत डोकावूनच.

त्यासाठी वापरले गेलेले तंत्र म्हणजे पेट स्कॅन. पाण्याच्या रेणूतल्या नेहमीच्या ऑक्सिजनऐवजी किरणोत्सारी ऑक्सिजन-१५ घालायचा आणि ते पाणी शिरेतून टोचायचे. मेंदूचा जो भाग अधिक काम करतो तिथे रक्त अधिक जाते, म्हणून हे पाणीही तिथे अधिक पोहोचते. ऑक्सिजन-१५ मधून पॉझिट्रॉन बाहेर पडतो, जवळच्याच इलेक्ट्रॉनला भिडतो आणि दोन गॅमा किरण अगदी विरुद्ध दिशांना सुटतात. डोक्याभोवतीच्या कड्यातली यंत्रे ही जोडी एकाच क्षणी टिपतात आणि त्यावरून जागा काढतात. या ऑक्सिजनचे आयुष्य मात्र क्षणभंगुर. दर दोन मिनिटांनी तो निम्मा होतो. म्हणजे तो बनवणारा सायक्लोट्रॉन जवळच हवा आणि बनताच तो रुग्णाच्या खोलीत पोहोचवायला हवा. याच अडचणीत सोयही आहे. दहाएक मिनिटांत शरीरातला जवळपास सगळा ऑक्सिजन-१५ संपतो आणि त्याच माणसाचे दुसरे चित्र घेता येते. एकदा मान वळलेली असताना, एकदा बोट लावून सरळ झालेली असताना.

जर्मनीतल्या वुर्झबुर्ग विद्यापीठाचे मार्कुस नौमान आणि त्यांच्या जर्मन व स्विस सहकाऱ्यांनी नेमके हेच केले. त्यांचा लेख २००० साली प्रसिद्ध झाला. रुग्ण होते फक्त सात, पण सातही जणांची मान युक्तीने जवळजवळ सरळ येणारी. बोट लागून मान सरळ झाली तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पॅरायटल लोब, म्हणजे टाळूच्या मागच्या बाजूला असलेला मेंदूचा भाग, अधिक कामाला लागला. तोही विशेषतः मान ज्या दिशेला वळत होती त्याच बाजूचा. आपले शरीर अवकाशात कुठे आहे, हा हात, ही मान, ही समोरची भिंत, यांचा मेळ घालणे हे या भागाचे काम. त्याच्याबरोबर डोक्याच्या मागचा दृष्टीचा भागही दोन्ही बाजूंनी जागा झाला. आणि दुसरीकडे, हालचालीची आखणी करणारा सप्लिमेंटरी मोटर भाग आणि हुकूम प्रत्यक्ष सोडणारी हालचाल-संवेदनेची पट्टी, या दोहोंचे काम उतरले.

मला या चित्रांत सगळ्यात लक्षणीय वाटतो तो त्यांतून सुचणारा क्रम. मानेचे स्नायू सैल पडले ते त्यांना कुणी दाबले म्हणून नाही. बोटाने जागेची बातमी दिली, ती नकाशा राखणाऱ्या भागाने उचलली आणि वर हुकूम सोडणारे केंद्र शांत झाले. ब्रिसोंनी विचारले होते, की बिघाड हाड-स्नायूंत असता तर बोटाने काय होणार? त्यांचा प्रश्न अचूक होता. हाड-स्नायूंत तो नव्हताच. फक्त हाड-स्नायू आणि मन यांच्या मधे मेंदू नावाचा सबंध मुलूख आहे आणि त्या काळी तिथे जायला वाट नव्हती.

एवढ्यावर सगळे मिटले असे नाही. स्नायूंतली वीज मोजणाऱ्या ईएमजी तपासणीत त्याच वुर्झबुर्गच्या मंडळींना पुढे दिसले, की काही रुग्णांत बोट चेहऱ्याला लागायच्या आधीच, हात वर येत असतानाच, मान सैलावू लागते. अमेरिकेत पॉल ग्रीन आणि सुझन ब्रेसमन यांनी १९९८ साली असे रुग्ण नोंदवले होते, की ज्यांना युक्ती करतो आहोत अशी नुसती कल्पना केली तरी फरक पडे. मग पुन्हा मनावरच येऊन थांबलो का? मला तसे वाटत नाही. हात उचलताच तो कुठे जाणार आणि गालाला काय जाणवणार, याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो. पायरी उतरताना पाऊल टेकण्यापूर्वीच जमिनीची खोली तो गृहीत धरतो, हे त्याचेच रूप. कल्पनेने फरक पडतो याचा अर्थ आजार काल्पनिक, ही उडी ब्रिसोंच्या काळात समजण्यासारखी होती. आज ती कुणा डॉक्टरने मारली तर त्याला क्षमा नाही. खरी अडचण वेगळी आहे. सगळ्यांना युक्ती सापडत नाही, आणि सापडली तरी कित्येकांत आजार जुना होईल तशी ती दुबळी पडत जाते. कुणाच्या बाबतीत का टिकते आणि कुणाच्या बाबतीत का विरते, यावर काम चालू आहे.

स्पर्शाने डिस्टोनिया थोपवला जातो, तशी कंपवाताच्या रुग्णांना डोळ्यांची मदत होते. चालता चालता पाय जमिनीला चिकटतात, दारातून आत जाताना, वळताना, गर्दीत. शरीर पुढे कलते, पावले जागीच थरथरतात आणि माणूस पडतो. पण याच माणसासमोर जमिनीवर आडव्या रेघा आल्या, की तो त्या ओलांडत सरळ चालत जातो. संकट येताच थिजलेला रुग्ण एकदम उठून धावतो, हा चमत्कार १९२१ साली पॅरिसच्या अशील सूक यांनी नोंदवला होता. रेघांचा अभ्यास जेम्स पर्डन मार्टिन यांनी लंडनमध्ये केला, त्याच जुन्या मेंदूज्वराच्या साथीतून उरलेल्या रुग्णांवर, आणि १९६७ सालच्या पुस्तकात तो मांडला. उभ्या, म्हणजे चालण्याच्या दिशेने जाणाऱ्या रेघांचा तसा उपयोग होत नाही. पावलासमोर आडवी रेघ हवी.

मेंदूतला फरक दाखवला जपानमधल्या क्योटोच्या ताकाशी हानाकावा आणि सहकाऱ्यांनी, १९९९ साली. अडचण अशी, की चालणारा माणूस स्कॅनरमध्ये मावत नाही. त्यांनी रुग्णांना सरकत्या पट्ट्यावर चालायला लावले, कधी आडव्या रेघांवर, कधी उभ्या. चालतानाच शिरेतून असे किरणोत्सारी द्रव्य टोचले, की जे रक्ताबरोबर मेंदूत पोहोचताच तिथे अडकून बसते. माणूस नंतर आडवा झाला तरी चित्र येते ते चालत असतानाच्या मेंदूचे. आडव्या रेघांवर रुग्णांची चाल सुधारली आणि तेव्हा मेंदूच्या उजव्या बाजूचा लॅटरल प्रीमोटर भाग निरोगी माणसांपेक्षा जास्त कामाला लागला. डोळ्यांनी बघून हालचाल ठरवण्याचे काम हा भाग करतो. आपसूक चालण्याची नेहमीची वाट बेसल गँग्लियातून जाते आणि कंपवातात तीच खचते. रेघ दिसली की मेंदू ती वाट सोडून डोळ्यांच्या वाटेने पावलांपर्यंत पोहोचतो.

ही वाट क्योटोत यंत्रांनी दाखवली, पण पुण्याच्या एका घरात ती पुन्हा सापडली, कुठल्याही यंत्राशिवाय. मिलेहा सोनेजी ही पुण्यात वाढलेली, नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला शिकायला गेलेली डिझायनर. तिच्या काकांना कंपवात झाला. कुटुंबाच्या प्रत्येक जमण्यात जो माणूस मध्यभागी असायचा, तो हळूहळू कोपऱ्यात जाऊ लागला. हात थरथरून चहा सांडतो म्हणून त्यांनी चारचौघांत चहा-कॉफी घेणेच सोडले. तिने त्यांच्यासाठी कप बनवला तो आतल्या बाजूला वळलेल्या कडेचा, थरथरीने उसळलेला चहा पुन्हा आतच पडेल असा. बघणाऱ्याला तो आजारी माणसाचा कप वाटू नये, याचीही काळजी तिने घेतली. मग एके दिवशी तिच्या लक्षात आले, की सपाट जमिनीवर वॉकर घेऊनही अडखळणारे काका जिन्याच्या पायऱ्या मात्र सहज चढतात-उतरतात. वॉकर बाजूला ठेवून! तिने पायऱ्यांचा भास होईल असे चित्र सपाट जमिनीवर घातले. काका त्या चित्रातल्या पायऱ्यांवरून पावले टाकत चालत गेले. २०१५ साली डेल्फ्टच्या टेडएक्स मंचावर तिने हे सांगितले आणि ते जगभर पाहिले गेले. तिने आधी मार्टिनना वाचले होते की हानाकावांना, याने मला फरक पडत नाही. काकांकडे तिने नीट पाहिले होते.

पुण्यातच नर्तक हृषीकेश पवार यांनी २०१० च्या सुमारास कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्याचा वर्ग सुरू केला. पायाची वाट इथे डोळ्यांऐवजी कानांतून जाते. ठेका पडला की पाऊल उचलले जाते. पार्किन्सन्स मित्रमंडळाची पुण्यातली माणसे या वर्गाला येऊ लागली, तेव्हा त्यांना नाचायला शिकवायचे हा हेतू नव्हता. एक-दोन-तीन-चार म्हणत एका जागेवरून दुसरीकडे जाता येणे, हात उचलून कुणाचा तरी हात धरता येणे, हेच मोठे होते. पवारांसारख्या कथकात मुरलेल्या माणसाला तालाची ही ताकद वेगळी समजावून सांगावी लागली नसणार.

महाराष्ट्रात पेट स्कॅन आला तो २००२ साली, मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये. भाभा अणुसंशोधन केंद्राची ही संस्था. भारतातला पहिलाच पेट स्कॅनर आणि त्याला लागणारा वैद्यकीय सायक्लोट्रॉन तिथे बसला. कर्करोगाचे रुग्ण आपल्याकडे इतके आहेत, की ही यंत्रे मुख्यतः त्यांच्याच कामाला जुंपली गेली आणि ते योग्यच झाले. डिस्टोनियाच्या रुग्णाला पेट स्कॅन लागतही नाही. नौमानांची चित्रे संशोधनासाठी होती. निदान डॉक्टरच्या डोळ्यांनी आणि प्रश्नांनी होते. २०१३ साली तज्ज्ञांनी डिस्टोनियाची जी आंतरराष्ट्रीय व्याख्या आणि वर्गवारी पक्की केली, तीत स्पर्शाची युक्ती ही निदानाला बळ देणारी खूण मानली आहे. ज्या बोटाने रुग्णाला खोटे पाडले, तेच आता त्याच्या बाजूने नोंदवले जाते.

नोंदवले जाते ते विचारले तर. १९९८ पासून महाराष्ट्रातल्या बहुतेक एमबीबीएस डॉक्टरांच्या, फिजिओथेरपिस्टच्या आणि वैद्यांच्या पदव्यांवर नाशिकच्याच आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मोहर असते. वळलेली मान घेऊन माणूस पहिल्यांदा जातो तो यांच्यापैकीच कुणाकडे तरी, थेट न्यूरोलॉजिस्टकडे क्वचित. तिथे ‘स्पॉन्डिलोसिस’ असे लिहून पट्टा दिला गेला, की कित्येक महिने जातात. हनुवटीला, गालाला, डोक्याच्या मागे हात लावून बघायला सांगण्यास अर्धा मिनिट लागतो. माझी कळकळीची विनंती या विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला आहे, की तो अर्धा मिनिट द्यावा.

रुग्णाच्या बाजूनेही एक अडचण असते. नाशिकहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला तपासायला निघालेला माणूस खुर्चीच्या उंच पाठीला डोके टेकवून बसतो. प्रवासभर मान शांत. दवाखान्यातही तो सवयीने हात गालाला लावूनच डॉक्टरांसमोर बसतो, आणि आजार दिसायचा तेवढा दिसत नाही. घरी मोबाइलवर दोन छोटे व्हिडिओ घेऊन ठेवले, एक मान वळलेली असतानाचा आणि एक युक्ती करतानाचा, की हा पेच सुटतो. मानेसाठी आज मुख्य उपचार बोट्युलिनमचे इंजेक्शन. ते साधारण तीन महिन्यांनी पुन्हा घ्यावे लागते आणि नेमके कोणत्या स्नायूत द्यायचे हे ठरवायला मान मोकळी सोडल्यावर कुठे जाते ते डॉक्टरांना दिसावे लागते. दुबळ्या होत जाणाऱ्या युक्तीच्या भरवशावर कुणी वर्षानुवर्षे हात गालाला लावून बसू नये.

कंपवाताच्या घरात तर उद्याच करण्यासारखे काम आहे. स्वयंपाकघराच्या दारात किंवा न्हाणीघराकडे वळताना जिथे पाय चिकटतात, तिथे फरशीच्या रंगाहून अगदी वेगळ्या रंगाची चिकटपट्टी आडवी लावायची, त्या माणसाच्या एका पावलाच्या अंतराने पाच-सहा वेळा. पट्ट्या घट्ट बसलेल्या हव्यात, कडा सुटून पायात येता कामा नयेत. पहिल्या वेळी कुणीतरी बाजूला उभे राहायचे आणि शक्य असेल तर फिजिओथेरपिस्टकडून अंतर बघून घ्यायचे. काहींना याचा उपयोग होत नाही, काहींचा पाय पहिल्याच पट्टीवर उचलला जातो. खर्च एका रोलचा.